ध्रुवयान, लक्ष्मीकाकू आणि यंदाचा देखावा

८ जून, रविवार
कॅसेट सापडली! माळ्यावर, तपेल्यात. वर मामाच्या अक्षरात ‘ध्रुवयान’. दूरदर्शनवर काय मालिका होती राव! अठ्ठ्याऐंशी साली आमच्या मजल्यावर कलर टीव्ही एकच, लक्ष्मीकाकूंचा. सगळे तिथेच जमायचे. यंत्रमानव आला की पोरांची जाम टरकायची. हितेंद्र तर हमखास पळायचा. खंबीर मी एकटा. वय वर्षं नऊ, पण काकूंना मीच विज्ञान समजावायचो.
मेघनाला सांगितलं. ती म्हणाली, आधी ते तपेलं खाली द्या.

९ जून
ठरलं. यंदा गणपतीत मंडळाचा देखावा : ध्रुवयान! देखावा समितीत वीस वर्षं घासतोय, एक कल्पना पास झालेली नाही. दरवर्षी हितेंद्रचं कुठलं तरी मंदिर. या वर्षी नाही झालं तर राजीनामा. (गेल्या वर्षीही असं लिहिलं होतं. पण तेव्हा रागात होतो.)

१२ जून
गिरगावात एकाने कॅसेट पेनड्राइव्हवर घेऊन दिली. म्हणाला, एकदा बघून तरी घ्या. मेघनाही तेच म्हणाली. नाही बघितलं. मी कोळून प्यायलोय ती मालिका.
आमची अनुजा लोअर परळला ॲनिमेशनवाल्या ऑफिसात आहे. तिने विचारलं, पप्पा, इफेक्ट्स कसे होते? म्हटलं, तुमच्या साहेबाला घेऊन ये, शिकेल काहीतरी.

१५ जून, सकाळ
संध्याकाळी सभा. प्रोजेक्टर सांगितलाय. भाषण पाठ. झब्बा इस्त्रीला.

१५ जून, संध्याकाळ
लिहिण्याचा मूड नाही.

१६ जून
लिहितो. पण शांतपणे. सभेत पेनड्राइव्ह लावला.
मामाने दुबईहून व्हिडिओ कॅमेरा आणलेला. व्हीसीआर नव्हता, म्हणून पठ्ठ्याने कॅमेरा स्वयंपाकघराच्या दारात ठेवून टीव्हीचंच शूटिंग केलं! टीव्ही एका कोपऱ्यात, काड्यापेटीएवढा. आत काहीतरी निळं हलतंय. बाकी पडदाभर आमचा मजला. लक्ष्मीकाकूंचे गुणाजीकाका बनियनवर, सुपारी कातरतायत. काका जाऊन बारा वर्षं झाली. लक्ष्मीकाकू एकदम म्हणाल्या, परत लाव रे, ह्यांका बघूचा हा. चारदा लावलं. सगळे रडले. मीही रुमाल काढला, खोटं कशाला बोलू?
मग यंत्रमानव आला. डोक्यावर पत्र्याची बादली. तेवढ्यात एक पोरगा किंचाळत काकूंच्या पदरात घुसला. बंद करा, तो माझ्याकडेच बघतोय! बाजूला हितेंद्र. चिवडा खातोय.
तो पोरगा कोणीही असू शकतो. क्वालिटी खराब आहे. अनुजा म्हणाली, पप्पा, तुमच्या मुंजीच्या फोटोत हाच शर्ट आहे. हे तिने माइकजवळ सांगायची गरज नव्हती.
शक्यता अशी की, लहान पोरांना धीर यावा म्हणून मी भीतीचं नाटक केलं असणार.

१८ जून
पास! एकमताने! म्हणजे, जवळजवळ माझीच कल्पना. देखावा : लक्ष्मीकाकूंची खोली. पुतळे हलणारे. काकांचा अडकित्ता वर-खाली आणि एक पोरगा पदरात आत-बाहेर, अनंत चतुर्दशीपर्यंत. पाटीवर ‘संकल्पना : हितेंद्र’ असं आहे. असू दे. पोराचं रडणं रेकॉर्ड करायला त्यांनी मलाच बोलावलंय. आवाज नंतर पोरासारखा बारीक करता येतो, असं अनुजा म्हणाली. थोडक्यात, हीरो मीच. सराव सुरू केलाय. शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवली.

२२ जून, रविवार
रेकॉर्डिंग झालं. सहा टेक दिले. हितेंद्र म्हणाला, राजू, तू नुसता ओरडतोस रे, भीती नाही वाटत. मी म्हटलं, स्वभावच खंबीर, त्याला काय करणार? मग तो स्वतः माइकसमोर बसला आणि असा रडला की लक्ष्मीकाकूंनी उठून त्याला जवळ घेतलं. एका टेकमध्ये ओके. टाळ्या.
घरी आलो. सोफ्यावर बसलो. काय झालं कोण जाणे, एकदम भडभडून आलं. वीस वर्षं समितीत, आणि शेवटी माझं रडणंसुद्धा हितेंद्रच्या आवाजात! हुंदके थांबेनात.
मेघना स्वयंपाकघरातून बाहेर आली. बघत राहिली. मग म्हणाली, अहो, हे चांगलं जमतंय. जा पटकन, माइक अजून काढला नसेल.