सगुणाची भवानी

रत्नागिरी,
१३ मार्च १९३४

प्रिय गोदा,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. सातव्या महिन्याची ओटी येत्या रविवारी, आणि ‘आई, तू मंगळवारी ये, तोवर सगळं आटोपलेलं असेल,’ असं तू लिहिलंस. वाचलं, घडी घातली, डब्यात ठेवलं. त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले असते तर दौतीतून शाईऐवजी तिखटच सांडलं असतं. आता आधी माझ्या सकाळच्या फेरीची हकीकत ऐक, मग उत्तर.

शाळेत जाण्याआधी मी पहाटे फिरून येते हे तुला ठाऊक आहे. ही सवय कशी लागली ते मात्र कधी सांगितलं नाही. मानमोडीच्या तापाच्या साथीत तुझे वडील गेले, तेव्हा तुझ्या आजीने बजावलं, की बाहेरचं काय असेल ते उजाडायच्या आत उरकत जा, लोक कामाला निघताना तुझं तोंड आडवं यायला नको. बावीस वर्षांची होते, ऐकलं. आणि गंमत बघ, त्या वेळी रस्त्यावर असतं कोण? दिवसाची पहिली विक्री, भवानी, अजून व्हायची असते तेच सगळे! मिरकरवाड्याकडून मासळीच्या पाट्या घेऊन धावत येणाऱ्या बाया, पाववाला, सुरंगीच्या फुलांचे वळेसर मांडून बसलेली तुळसा. आणि त्यांच्यासमोर मी, पांढऱ्या कपाळाची. पाववाला मला बघून टोपलीवर फडकं ओढायचा. काही हवं असलं तर दुसरं कोणी आधी घेईपर्यंत मी पिंपळाआड उभी राहायची. सोळा वर्षं उभी राहिले, गोदा. वर्गात मुलींना ‘ताठ बसा’ म्हणून दटावणारी तुझी आई!

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी अशीच उभी होते. डोकं तापलेलं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पिंपळासमोर सगुणा म्हणून एक भाजीवाली बसते. तिचा नवरा खलाशी होता, पूर्णगडच्या बाजूला होडीसकट बुडाला. ती एकदम ओरडली, “काय गो बाय, झाडामागं काय उबी ऱ्हातेस? रोज बगतंय मी तुला. हिकडं ये, आज माजी भवानी तू कर.” मी जवळ जाऊन हळूच म्हटलं, की बाई, मी कशी करू, मी ही अशी. तर ती खदखदून हसली. “आनि मी कोन गो? सकाळच्याला पयलं तोंड मी माजंच बगतंय. माजी भाजी काय कुजत नाय!”

लाल माठाच्या दोन जुड्या घेतल्या. माझ्या हातचा पैसा तिने कपाळाला लावला. भर रस्त्यात मला रडू फुटलं, आणि ते लपवावं असंही वाटलं नाही.

संध्याकाळी शाळेतून परतताना मुद्दाम वाकडी वाट करून तिला विचारलं, आज विक्री कशी झाली? म्हणाली, रोज होते तशीच. जास्त नाही, कमी नाही. मला आधी हसू आलं आणि मग असा संताप आला की काय सांगू. म्हणजे सोळा वर्षं मी त्या झाडाआड उगीचच उभी होते! तेव्हापासून तिची भवानी मीच करते. माठ खाऊन खाऊन जीव विटला आहे, पण एक सकाळ चुकवलेली नाही. तुळसा तिसऱ्या दिवशी फुलांची टोपली उचलून रस्त्याच्या पलीकडे गेली, ती अजून तिकडेच बसते. बसू दे. पाववाला अजून फडकं ओढतो. ओढू दे. मी आता मान वर करून त्याच्या नाकावर टिच्चून जाते.

तर आता उत्तर. शनिवारच्या मोटारीने मी खेडला येते आहे, आणि रविवारी तुझी ओटी सगळ्यांत आधी मी भरणार आहे. हिरवा खण घेतला, तांदूळ निवडून ठेवले. विहीणबाईंना हे पत्र खुशाल वाचून दाखव, काही गाळू नकोस. त्या अपशकुन म्हणतील. त्यांना सांग, त्याच साथीत तूही फणफणली होतीस आणि याच हातांनी तुला उठवून बसवलं. तेव्हा कोणी शकुन पाहायला आलं नव्हतं. दारातून आत घेतलं नाही तर ओट्यावर बसेन, आणि माझा आवाज शाळेत कमावलेला आहे हे त्यांना माहीत असलेलं बरं. तुझ्या पत्रातले शब्द त्यांचे असतील, पण अक्षर तुझं होतं, मीच गिरवून घेतलेलं. ते बघून जीव तुटला माझा. तुझ्या मनात काय आहे ते विचारत नाही, कारण उत्तराची भीती वाटते. पण रविवारी मी नारळ पुढे करीन. घरच्यांशी, गावाशी, सगळ्यांशी भांडायला मी एकटी पुरेशी आहे, बाळ. पदर मात्र तुलाच पसरावा लागेल.

तुझीच,
आई