फटाक्यांची माळ

आबा, पाया पडतो.

मी धडधाकट हाय, आईला एवढंच सांगा. तिचा गुडघा कसा हाय?

परवाच्या गोळाबारीत माझ्या पलटणीतला, गडमुडशिंगीचा अरबाज गेला.

तुमी फौजेतनं रिटायर होऊन आला, तवा गावानं मिरवणूक काढलेली. फटाक्यांची माळ लागली आणि तुमी मला अंगाखाली घेऊन फेट्यासकट रस्त्यावर पालथं पडला. समदी हसली. मला लय लाज वाटलेली. दोन दिवस तुमच्याशी बोललो न्हाय.

परवा अरबाजनं मला तसंच अंगाखाली घेतलं.

त्याच्या आईला, इमामबीला, भेटून या. तिला काय लिवावं, मला सुचंना.

सुट्टीला येतोय. कुणाला फटाकं लावू देऊ नका, आबा. आता मीबी पालथा पडंन.

तुमचा,
ऋतुराज