सूत्राआधीची बैलगाडी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी फळ्याकडे वळले की वाटतं, मागच्या बाकावर तुम्ही बसला आहात आणि मी कुठे चुकते ते बघताय.

नांदूरघाटच्या शाळेत तुम्ही गुरुत्वमध्य शिकवलात, तो दिवस आठवतो. ऊसतोडीला निघालेल्या एका बिऱ्हाडाची गाडी शाळेसमोर उभी होती, बैल सोडलेले. तुम्ही फळ्यावर एक अक्षर न लिहिता आम्हाला बाहेर नेलंत आणि गाडीत दगड भरायला लावलेत. मी हुशारी दाखवायला सगळे दगड मागे रचले. गाडी उलाळ झाली. जू वर आणि मागची बाजू जमिनीला. पोरं खिदळतायत, गाडीवाला धावत येतो, "ओ मास्तर, गाडी हाय ती, खेळणं न्हाई!" तुम्ही त्याला हात जोडता आणि मला म्हणता, "हसू दे त्यांला. दगड पुढं सरकव. कुठं आल्यावर गाडी गप बसती, ते तुजं तू बघ." मी सरकवत राहते. फार पुढे गेले की जू खाली दबतं, बैलांच्या मानेवर येईल असं. मग आसाच्या जवळ एक जागा सापडते आणि एवढी भरलेली गाडी, पण जू एका बोटानं उचललं जातं. सूत्र तुम्ही दुसऱ्या दिवशी दिलंत, तेव्हा ते ओळखीचं वाटलं. गणितापायी घरच्यांनी माझ्यापुढे हात टेकले होते. मला डोकं आहे, हे मला त्या गाडीपाशी कळलं.

आता मी अंबाजोगाईत एका खासगी क्लासमध्ये, डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना भौतिकशास्त्र शिकवते. सुरुवातीला तुमच्यासारखंच शिकवलं. पाण्यानं भरलेली बादली गरागरा फिरवली, एसटीनं ब्रेक मारल्यावर आपण पुढे का जातो यावर अख्खा तास घालवला. मग क्लासच्या मालकांनी बोलावलं. "मॅडम, तुमी लई भारी सांगता. पन बाप इचारतो, आज प्रश्न किती सोडवले? पोरगं म्हनतं, मॅडमनी बादली फिरवली. उद्यापासून बादली बंद, न्हाईतर बॅच दुसऱ्याला देतो."

मी मान डोलावली. या नोकरीवर माझं घर चालतं. आता मी कोणता पर्याय आधी खोडायचा ते शिकवते. पोरं पटापट उत्तर काढतात आणि काय हललं, कशानं हललं, हे त्यांना ठाऊक नसतं. पालकांवर चिडावं तर तेही जमत नाही. जीपमध्ये कोंबून, तळहाताला कोयत्याचे घट्टे घेऊन ते येतात आणि म्हणतात, पोरीच्या हाती कोयता येऊ नये, एवढंच करा. त्यांना मी काय बादली दाखवू? तुमची रीत खोटी नव्हती, सर. तिला आता जागा उरलेली नाही, आणि ती परत येईल असं मला वाटत नाही.

काल तास संपल्यावर एक मुलगी थांबली. "मॅडम, लिफ्ट खाली निघाली की वजन कमी कावून दिसतं?"

"परीक्षेला एवढं येत नाही. सूत्र लिही."

"बरं," म्हणाली आणि निमूट निघून गेली. ती आता पुन्हा विचारणार नाही.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहू शकले. ती विचारत होती ना सर, तेव्हा मला तिचा राग आला होता.