पहिल्या पंगतीची अट

मी, नंदकिशोर वामनराव पाठक, वय एकाहत्तर, निवृत्त कारकून, मुक्काम आर्णी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. डोक्याबद्दल चिरंजीव मंदारला शंका असेल, तर डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर मंदारला. अट कलम ३ मध्ये.

२. माझं क्लॅरिनेट रामधन बँडवाल्याची नात निकिता हिला. ती वाजवते, मंदारला ते शोकेसमध्ये ठेवायचं आहे. मला शिकवलं रामधननं. तो मातंग, मी ब्राह्मण. माझ्या जाझच्या तबकड्या ऐकून दोघांनी मिळून एक चाल बसवली. रामधननं ती वरातीत वाजवली, तेव्हा लोकांच्या लेखी तो बँडबाजा. तीच मी यवतमाळच्या सभागृहात वाजवली, तर माझा मेहुणा अवधूत म्हणाला, "वा, अस्सल जाझ." शाल-श्रीफळ मला. जाझ घडवला अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी, आणि वाजवायला बोलावून त्यांनाच हॉटेलाच्या मागच्या दारानं आत घेत, हे मी रामधनला सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे तिथंबी मांडवामांगंच जेवा लागते."

तबकड्या अवधूतला. पाकिटांवरचे काळ्या वादकांचे फोटो त्यानं नीट पाहावेत.

३. आमच्या घरच्या लग्नांत बँडवाले मांडवामागे, सगळ्यांच्या शेवटी जेवत आले. सबब माझ्या तेरवीला रामधन व त्याचे वादक पहिल्या पंगतीत बसतील. मंदार स्वतः वाढील. तूप मात्र सूनबाई शाल्मलीनं वाढू नये, तिचा हात आखडता आहे. अवधूत दुसऱ्या पंगतीला. कसूर झाल्यास घर गावच्या वाचनालयाला.

४. हा मसुदा काल रामधनला वाचून दाखवला. कापसाचा भाव पडल्यापासून लग्नं बिनबाज्याची होतात, म्हणून ऐन सीझनमध्ये तो घरीच सापडला. मला वाटलं गहिवरेल. तो भडकला. "नंदूभाऊ, मले जेवू घालाले तुमाले मरा लागते काय? जितेपणी वाढाले हात दुखतात?"

मी म्हटलं, अवधूत पंगतीतून उठून जाईल.

"जाऊ द्या ना. त्याच्या वाटची जिलबी मी खातो."

मला लाज वाटली, आणि हसूही आलं.

५. सबब कलम ३ रद्द. पंगत येत्या रविवारी, माझ्याच घरी. वाढणार मी. मंदारनं रामधनच्या शेजारी बसून पोटभर जेवावं, घर त्याचं.

ठिकाण: आर्णी, जि. यवतमाळ
तारीख: ३ मे २००६

लिहून देणार: नंदकिशोर वामनराव पाठक (सही)

साक्षीदार पहिले: उत्तमसिंग राठोड, शेजारी (सही)

साक्षीदार दुसरे: रामधन लोखंडे. दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्र चालत नाही, हे त्याला समजावून सांगितलं आहे. सही पंगत उठल्यावर करीन म्हणतो.