नकारावरची सही

पुनावळे

प्रिय बाबा,
सविनय जय भीम.

घटना क्रमाने सांगते. सोमवारी डॉक्टरांनी सिझेरियन सुचवले. थांबण्यात तूर्त धोका नव्हता, म्हणून मी नकार दिला. नकाराच्या अर्जावर कारकुनाने नवऱ्याची सही मागितली. समाधान चाकणहून अर्धी शिफ्ट टाकून आला आणि म्हणाला, “साहेब, पोट तिचं आहे. मी फार तर साक्षीदार!” डॉक्टर हसल्या आणि कायद्याने माझीच सही पुरेशी आहे, असे त्यांनीच कारकुनाला बजावले.

बाळाचे ठोके रोज तपासून घेते. ते मंदावले, तर होकारही मीच देईन.

आईला झोप लागते ना?

वाचल्याशिवाय सही करू नये, हे तुम्हीच शिकवलेत. मग समाधानला फोन करून “तिला समजवा” का म्हणालात? फोनवरचा हुंकार चालणार नाही. उत्तर लेखी हवे, तुमच्या सहीनिशी.

तुमचीच,
श्रद्धा