रूथ आणि दानीएल यांचे धर्मशिक्षण

मंगरूळपीर, ४ नोव्हेंबर १९३४
उपासनेनंतर पाद्रीसाहेबांनी बाजूला घेतले. नाताळाआधी वाशीमला सभा आहे. लहान लेकरांना घरी विश्वासात कसे वाढवावे, यावर कोणीतरी बोलावे म्हणाले. लगेच हो म्हटले. मिशनच्या शाळेत वर्गभर पोरे सांभाळतो, घरची दोन काय अवघड? रूथ चार वर्षांची, दानीएल तीनचा. हिरीला, म्हणजे आमच्या कुटुंबाला, सिस्टिम ठाऊक नाही. उद्यापासून रोज सकाळी फॅमिली प्रेयर.

५ नोव्हेंबर
प्रेयर उत्तम. मिशन, शाळा, कपाशीचे पीक, बादशहा, सगळ्यांसाठी मागितले. डोळे उघडले तर सतरंजीवर कोणी नाही. दोघे शेजारच्या मेहरबीच्या अंगणात. हिरी म्हणाली, "लेकरं आहेत, जरा आटोपतं घ्या." उद्यापासून दार लावून घेणे.

७ नोव्हेंबर
दार लावले. दानीएल रडला. शेवटपर्यंत रडला. पण हजर होता, हे महत्त्वाचे.

११ नोव्हेंबर
नवी मेथड. मिशनमधून रंगीत चित्र आणले: प्रभू मेंढपाळ, खांद्यावर कोकरू. रूथ म्हणाली, हा तर रऊफचाचा. रऊफ गल्लीतल्या बकऱ्या चारायला नेतो. दाढी आहे खरी. मी समजावले की हा मेंढपाळ आपल्याला बोलावतो, आपण न घाबरता त्याच्यामागे जावे. दोघांनी माना डोलावल्या. प्रथमच समजले. भाषणाचा पहिला परिच्छेद लिहून काढला.

१२ नोव्हेंबर
शाळेतून आलो तर मुले घरात नाहीत. मेहरबीकडे नाहीत. हिरी दर्ग्याच्या बाजूला धावली, मी विहिरीकडे. वाकून पाहिले. प्रार्थना करू गेलो तर तोंडात भाषणाचा पहिला परिच्छेद आला. पुढे काही सुचेना. काठावर बसून राहिलो.
दिवस कलताना बकऱ्यांमागून रऊफ आला. दानीएल त्याच्या खांद्यावर झोपलेला, रूथ बोट धरून. रऊफ म्हणाला, "मास्तर, म्या परत धाडून पाह्यलं. पोट्टी ऐकत नाही. म्हणते, बाबानंच सांगतलं याच्या मागं जाय म्हणून. रानात कुठं सोडून देऊ?"
हिरीने दोघांना पोटाशी धरले.

१३ नोव्हेंबर
हिरी कालपासून माझ्याशी बोलत नाही. शांतपणे विचार केला. दोष माझा नाही, चित्र काढणाऱ्याचा आहे. 'आज्ञापालन' या मुद्द्याखाली ही घटना भाषणात बसेल.

२ डिसेंबर
पाद्रीसाहेब आणि मडमसाहेब चहाला आले. रूथला प्रभूची प्रार्थना म्हणायला सांगितले. कालपर्यंत येत होती. ती बाजेखाली शिरली. मडमसाहेबांनी वाकून विचारले, रोज प्रार्थना करता ना? आतून उत्तर आले, "बाबा दार लावते, मंग दानी रडते."
साहेबांनी चहा संपवला. मडमसाहेब चुलीपाशी हिरीजवळ जाऊन बसल्या. मुलेही तिथेच गेली. बराच वेळ बोलणे चालले होते. विषय बहुधा स्वयंपाक.

९ डिसेंबर
साहेबांचा निरोप. सभा ठरली, विषय तोच. बोलणार हिरी. हिरी म्हणाली, "मले सभेत बोलता येत नाही. काहून मलेच बोलावलं?" मी मोठ्या मनाने जा म्हटले. माझे भाषण सोबत देऊ केले. "राहू द्या," म्हणाली.

१५ डिसेंबर
हिरी सकाळच्या मोटारीने वाशीमला गेली. मुले माझ्याकडे. दिवसभर काही अडले नाही.
संध्याकाळी भाकर वाढली. दोघांनी न सांगता हात जोडले. मी सुरू केले. रूथ म्हणाली, "असं नाही. आईसारखं."
आई जेवताना काही म्हणते, हे मला ठाऊक नव्हते. काय म्हणते, विचारले. दानीएल म्हणाला, "हळू म्हणते." रूथने आठवून पाहिले, अर्ध्यात अडकली, ओठ थरथरू लागले. मी हळू म्हणून पाहिले. पुन्हा म्हणून पाहिले.
"राहू द्या बाबा," रूथ म्हणाली. "आई आल्यावर म्हणू. तुमी जेवा."
दोघे ताटे तशीच ठेवून दाराकडे तोंड करून बसली.
मी जेवलो.