कौसाची घागर

जळगाव,
१९ मे १९८९

सौ. मंजुळेस अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघे दुखतात आणि गोळ्या घ्यायची आठवण राहत नाही म्हणतेस. तीस वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून लोकांना दटावलंस, आता तुला दटावायला मी धुळ्याला येऊ का? जावईबापूंना सांगितलं तर ते तुझीच बाजू घेतील, म्हणून त्यांना सांगत नाही.

पुढचं मात्र बसून वाच.

परवा भाजीबाजारात धुरपदाबाई भेटली. आपल्या कौसाच्या सासरी, पिंपळझिऱ्याला, समोरच्याच घरात राहते ती. लेकीकडे बाळंतपणाला आलीय. मी तिला उसाचा रस पाजला, इकडचं तिकडचं विचारलं. बोलता बोलता ती म्हणाली, अक्का, तुमी माहेरना लोक कशा शेतस, कौसाबाईनी घागर भरतस नही, तिना नवरा तर दरसाल भरस. मला वाटलं, तिला उन्हाचं काही झालंय. मी पुन्हा विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सकाळी, झुलाल मेलेल्या बापाची पाण्याची घागर भरतो, आता आईचीही भरतो, आणि घरात आत, कोणाला दिसणार नाही अशी, कौसाची भरतो. वर खरबूज, सांजोऱ्या, सगळं रीतसर. आणि सवाष्ण म्हणून धुरपदाबाईलाच जेवू घालतो, खण-बांगड्या देतो, कोणाला बोलू नको म्हणतो. दुसऱ्या बायकोची दोन मुलं लागोपाठ पोटातच गेली, तेव्हा भगताने सांगितलं होतं की पहिली तहानलेली आहे. एकोणीसशे बहात्तरपासून हे चाललंय.

मंजू, एकाहत्तरच्या संक्रांतीनंतर हाच माणूस आपल्या ओट्यावर येऊन म्हणाला होता की तुमची मुलगी केळीच्या ट्रकवाल्याबरोबर पळून गेली. बाबांनी त्याची माफी मागितली होती. सहा महिन्यांत त्याने दुसरं लग्न केलं, तेव्हा आपण मान खाली घालून गप्प बसलो. आई दर आखाजीला दारात बसायची, लेकी माहेरी येतात त्या दिवशी तरी कौसा येईल म्हणून.

जिवंत बाईची घागर कोणी भरतं का? पळून गेलेल्या बाईसाठी सवाष्ण जेवते का? तिला मारून टाकलंय, मंजू, आणि मारणाऱ्याला ते माहीत आहे. तो सुटता कामा नये. माझ्या हयातीत तरी नाही.

तब्येत जप. माया आहे तशीच असू दे.
तुझी अक्का


धुळे,
२७ मे १९८९

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस मी अंथरुणात पडून होते. ह्यांनी विचारलं तर डोकं दुखतंय म्हटलं. अक्का, तुझा राग मला समजतो, पण घागर हा काही पुरावा नाही. तो म्हणेल, भगताने सांगितलं म्हणून केलं, बायको परत येत नाही म्हणून मेली असं समजलो. आणि तो आता मोठा माणूस आहे. बागाईत, ट्रॅक्टर, गावात शब्द चालतो. तू एकटी, साठीला आलेली निवृत्त मास्तरीण. तुझं कोण ऐकणार?

अजून एक सांगायचं आहे, आणि ते तोंडाने कधीच सांगता आलं नसतं. कौसा पळून गेली हे मी खरं मानलं होतं. कॉन्व्हेंटमध्ये असताना ती कशी होती आठव. प्रार्थनेत हसायची, कुंपणावरून चिंचा पाडायची, मदर बर्नाडेट तिला म्हणायच्या की तुझ्या पायात चाकं आहेत. मला वाटलं, गेली असेल. नवऱ्याच्या घरी मूल नाही म्हणून ऐकून ऐकून कंटाळली असेल. माझ्या सासरी मी सांगून ठेवलंय की आम्ही दोघीच बहिणी. माझ्या सुनांना कौसामावशी नावाची कोणी होती हेच माहीत नाही.

म्हणून म्हणते, राहू दे. आई-बाबा गेले. आता कोणासाठी?

रागावू नकोस, पण रागावलीस तरी पत्र लिही.
तुझी मंजू


जळगाव,
२ ऑगस्ट १९८९

सौ. मंजुळेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

कोणासाठी, असं विचारलंस. माझ्यासाठी. एवढं उत्तर पुरे.

मी तालुक्याच्या फौजदारांकडे गेले. अभिमन नाव, आपल्याच भागातला मुलगा, माझ्या हाताखाली शिकलेला निघाला नाही, पण मास्तरीण म्हटल्यावर उभा राहिला. घागरीची गोष्ट ऐकून हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. म्हणाला, माझी आजीसुद्धा सवतीची घागर भरायची, आणि ती सवत मेलेलीच होती. मग त्याने जुनी दप्तरं काढायला लावली. तीन वेळा परत बोलावलं. मी तीन वेळा गेले, एसटीने, डबा घेऊन.

त्र्याहत्तरच्या दुष्काळात पिंपळझिऱ्याच्या शिवारातली एक पडीक विहीर खोल करायला घेतली होती. गाळात बाईची हाडं सापडली. डोकं मागच्या बाजूला फुटलेलं. पंचनाम्यात लिहिलंय, अनोळखी बाई, पावरा आदिवासी समाजातली मजूर असावी, पाय घसरून पडली असावी. असावी असं सांगणारे दोन पंच होते. त्यातल्या एकाची सही मराठी शाळेतल्या मुलासारखी गोल, ठसठशीत आहे. ती मी कौसाच्या लग्नाच्या यादीवर पाहिलेली आहे. झुलाल देवचंद.

आपल्या बायकोच्या हाडांजवळ उभा राहून त्याने सही केली, मंजू. त्या सहीवर मी बोट ठेवलं आणि अभिमनला म्हटलं, हा माणूस मला पाहिजे.

हाडं तपासणीला तुमच्या धुळ्याला पाठवली होती. कोणी न्यायला आलं नाही म्हणून तिथेच दवाखान्याच्या कोठीत एका पेटीत आहेत, असं पत्र आलंय. ओळख पटवायला जवळचं माणूस लागतं. माझ्यापेक्षा तुला हाडं कळतात. जाशील का? नाही म्हणालीस तर मी येईन, पण मला वाटतं तूच जावंस.

उत्तराची वाट पाहते. माया कमी करू नकोस.
अक्का


धुळे,
१६ ऑगस्ट १९८९

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गेले.

ज्या दवाखान्यात मी नोकरी केली, त्याच दवाखान्याची ती कोठी. त्या दाराशेजारून मी सोळा वर्षं चादरींचे गठ्ठे मोजून नेत होते. डॉक्टर माझ्या ओळखीचे, म्हणाले बाई, तुम्ही बसा, मी दाखवतो. मी म्हटलं, उभीच बरी.

पेटीवर खडूने नंबर होता. नाव नव्हतं.

अक्का, तो डावा हात. आखाजीच्या झोक्यावरून पडली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. बाबांनी डॉक्टरकडे नेण्याऐवजी चोपड्याच्या हाडवैद्याकडे नेलं आणि कोपराच्या खाली हात बाकदार जुळला. पोळपाटावर भाकरी थापताना तिचा तो हात बाहेरच्या बाजूला जायचा आणि तू तिला बदक म्हणायचीस. ते हाड मी हातात घेतलं. जुळलेली जागा अंगठ्याला लागली. डॉक्टर म्हणाले, लहानपणी मोडलेलं, नीट न बसवलेलं. मी म्हटलं, वैद्याने बांबूच्या कामट्या लावल्या होत्या.

आणि पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. तो तर तूही ओळखशील.

डॉक्टर म्हणतात, मुंबईला फोटो आणि कवटी एकमेकांवर बसवून बघतात. दात दिसणारा फोटो हवा. आपल्या काळात फोटो काढताना हसतं कोण? ती हसली होती. शाळेच्या निरोपाच्या फोटोत, शेवटच्या रांगेत, आणि मदर बर्नाडेट चिडल्या होत्या. माझ्या ट्रंकेत तळाशी तो आहे. तिची आठवण नको म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला होता. उद्या देते.

घरी आल्यावर सुनांना बोलावून सांगितलं की आम्ही तिघी बहिणी. दुसऱ्या दिवशी मी जबाब द्यायला निघाले, तर हे स्वतःच बरोबर आले.

ती पळाली म्हणून सांगायला आला तेव्हा झुलाल ओट्यावर बसून चहा प्यायला होता, अक्का. आईने त्याला पोहे करून दिले होते. मी शेव घातली होती वरून. हे मला आता सहन होत नाही.

मी साक्ष देईन. कितीही तारखा पडू दे.
तुझी मंजू


जळगाव,
१८ एप्रिल १९९०

सौ. मंजुळेस अनेक आशीर्वाद, वि. वि.

मुंबईचा अहवाल लागला आणि झुलालला धरलं, ते तुला कळलंच आहे. इकडे जागा नाही म्हणून त्याला धुळ्याच्या तुरुंगात ठेवलंय, तुझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. दुसऱ्या बायकोने, सुंदरबाईने, जबाब दिला. अभिमनने तिला विचारलं, आत कोणाची घागर भरायचे. ती म्हणाली, माझ्या सवतीची. मग त्याने विचारलं, सवत मेली हे तुम्हाला कोणी सांगितलं. ती म्हणाली, लग्नाच्या रात्रीच ह्यांनी सांगितलं होतं, ती आता येणार नाही. अठरा वर्षं त्या बाईने कौसाच्या नावाच्या सांजोऱ्या तळल्या. माझा तिच्यावर राग नाही.

काल झुलालचा धाकटा भाऊ आला होता. ओट्यावर बसू दिलं नाही, उभ्यानेच बोलला. म्हणाला, वहिनींबद्दल मंजुळाताईंनी कोर्टात एवढंच म्हणावं की हाड नक्की सांगता येत नाही. त्याबद्दल मी त्याला काय म्हटलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही, मदर वरून वाचत असतील.

पण जाता जाता त्याने दुसरा निरोप दिला. आखाजी आली. तुरुंगात घागर भरता येत नाही. सुंदरबाई मुलांना घेऊन माहेरी गेली. झुलाल फार घाबरलाय म्हणे, जेवत नाही, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसतो. हात जोडून सांगितलंय की यंदा कौसाची घागर माहेरच्यांनी भरावी, तिला पाणी मिळू द्या.

मंजू, तुला खरं सांगते. तो गेल्यावर मी कुंभारवाड्यात जाऊन घागर घेऊन आले. त्याच्यासाठी नाही. आपण तिला एकदाही पाणी दिलं नाही, हे मनात आलं. मारेकऱ्याच्या हातचं पाणी प्यायली बिचारी इतकी वर्षं. आता तिला नाव मिळालंय. मी म्हटलं, आखाजीला तू ये, दोघी मिळून भरू. मी थकले आहे गं. राग धरून बसायलाही ताकद लागते.

काय करू ते कळव. तू म्हणशील तसं.
अक्का


धुळे,
३० एप्रिल १९९०

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तार करून घागर भरू नको म्हटलं, त्याचं कारण आता सावकाश लिहिते. माझा शब्द ठेवलास. घागर रिकामीच उपडी ठेवलीस, हे तुझ्या कार्डावरून कळलं. वर्षभरापूर्वी राहू दे म्हणणारी मी, आणि आता हात धरणारीही मीच. तू मला हसत असशील तर हस.

आखाजीच्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून नवं लुगडं नेसले आणि तुरुंगाकडे गेले. भेट मागितली नाही, दारावरच्या शिपायाकडून त्याची खोली कुठे एवढंच विचारून घेतलं. समोर रसवंतीची गाडी असते, तिथल्या बाकावर बसले. ऊन चांगलंच होतं. रस्त्याने बायका घागरी घेऊन चालल्या होत्या. मला त्याचं तोंड बघायचं नव्हतं, त्या भिंतीआड तो आहे एवढंच बघायचं होतं.

आपण तिला पाणी देऊ, अक्का. त्याला शिक्षा झाली आणि पेटी आपल्या हातात आली की तू अग्नी दे, मी घागर भरते, आणि पोटभर सांजोऱ्या करू. तोपर्यंत नाही. त्याला भीती वाटते ती तिची तहान भागली नाही याची. मग कशाला भागवायची? फाशी होईल की जन्मठेप, ते न्यायाधीश ठरवतील. एवढी एक शिक्षा मात्र आपल्या हातात होती.

मी तिथे बसून तिच्याशी बोलले. म्हटलं, कौसा, यंदा माहेरी पाणी ठेवलेलं नाही. तुला माहेर परकं झालं असं समजू नकोस. तहान लागली तर त्याच्याकडे जा आणि माग. आणि तिला शोधावं लागू नये म्हणून सांगितलं, मोठं दार ओलांडलं की उजवी बाजू, शेवटची खोली.

पुढची तारीख अकरा जूनला आहे. गाडीला गर्दी असते, आदल्या दिवशीच मी तुझ्याकडे जळगावला येते. गोळ्या घेते आहे. तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी मंजू